म्हैस आटेपर्यंत

अक्का,

तुला जाळून आलो त्याला पंधरवडा होतोय न होतोय, तोच पुण्याहून फोन आला की तू छान वाढते आहेस.

अगदी याच शब्दांत नाही. "पेशंटचं सँपल फार छान वाढतंय," असं त्या मॅडम म्हणाल्या. मी दौंडला ऑफिसात डबा उघडून बसले होते. भाकरीचा घास हातात होता, तो हातातच राहिला. त्या मॅडम तुला आठवतील. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुझ्या कॉटवर बसून सगळं समजावून सांगणाऱ्या, आणि ज्यांना तू "पोरी, किती वाळलीस गं, जेवतीस का न्हाई?" असं विचारलंस, त्या. तू गेल्याचं त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. त्या उत्साहाने सांगत होत्या की तुझ्या पोटातून निघालेल्या गाठीचा जो तुकडा त्यांनी ठेवून घेतला होता, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत जगल्या, वाढल्या. आता त्यांच्यावर वेगवेगळी औषधं घालून बघितली, तर एक औषध लागू पडताना दिसतंय. "डॉक्टरांशी बोलायला पेशंटना घेऊन येता का?"

मी म्हटलं, "कोणाला घेऊन येऊ?"

त्यांना वाटलं मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी तुझं पूर्ण नाव घेतलं. सासरचं नाव, दाजींचं नाव, आडनाव. त्या नावाने मी तुला कधी हाकच मारली नाही. त्यामुळे क्षणभर असंही वाटलं की ही दुसरीच कोणीतरी बाई असेल आणि ती खरंच बरी होत असेल. मग मी सांगितलं. पलीकडे कसल्या तरी यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. शेवटी त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मग आता तुम्हालाच ठरवावं लागेल, ताई. हे पुढं वाढवायचं का बंद करायचं. माझ्यामागं बहिणीला विचारा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं."

बघ. मेल्यावरही मला काम लावलंसच.

तुझ्या घरात रिकामं बसलेलं माणूस तुला कधी खपलं नाही. मी सुट्टीला न्हावऱ्याला आले की पर्स खाली ठेवायच्या आत माझ्यासमोर सोलायच्या लसणाचं सूप यायचं. पाहुण्यांना चहा द्यायचीस तो शेंगा फोडता फोडता प्यायचा असायचा. दाजींचे दोस्त ओट्यावर यायचे बंद झाले ते तुझ्या या गुणामुळे, आणि दाजी ते अजून अभिमानाने सांगतात. "बसून खाणारं माझ्या दारात नको," म्हणायचीस. मांजरालासुद्धा उंदीर धरला नाही तर दूध नव्हतं.

पण आपलं सगळ्यात जुनं भांडण कामाचं नव्हतं, गुंतवळाचं होतं. विंचरताना निघालेला केस तू कधी वाऱ्यावर सोडला नाहीस. सगळे केस बोटाला गुंडाळायचे, त्यावर थू थू करायचं आणि गोठ्यामागच्या दगडाखाली सारायचे. आपला केस परक्याच्या हाती लागला की त्याच्यावर काय वाटेल ते करता येतं, हे आईने तुला सांगितलेलं आणि तू ते गाठीला बांधून ठेवलेलं. आळीतल्या बाया केस साठवून भांडी घ्यायच्या. तू त्या केसवालीला दारातून परत लावायचीस. "तुझं पातेलं ठेव तुझ्यापाशी. माझा केस कुणाच्या घरात जायाचा न्हाई." मी कॉलेजात गेल्यापासून तुझी टिंगल करत आले. करणी काय, भानामती काय, सगळं झूट आहे म्हणून तुला व्याख्यानं दिली. तू भाकरी थापता थापता सगळं ऐकून घ्यायचीस आणि शेवटी म्हणायचीस, "झालं? आता तुझा केस उचल उंबऱ्यावरचा."

उपचारांच्या दिवसांत तू माझ्याकडे रेल्वे कॉलनीत राहायचीस आणि आपण सकाळच्या गाडीने पुण्याला जायचो. तेव्हा तुझे केस पुंजक्यापुंजक्याने गळायला लागले. डब्यात बसल्या बसल्या तू सीटवरून, शालीवरून, माझ्या खांद्यावरून एकेक केस वेचायचीस. सराफाने पैंजणांबरोबर दिलेली निळी मखमली पिशवी होती ना, ती तू त्यासाठी काढलीस. समोरची बाई बघत होती. मला लाज वाटत होती. तू तिला म्हणालीस, "मावशे, बघतीस काय, तुझ्या पायाशी पडलाय त्यो दे." आणि ती बाई खरंच वाकली.

अशी तू. आणि त्या मॅडमनी जेव्हा विचारलं की गाठीचा तुकडा आम्हाला द्याल का, तेव्हा नाही म्हणाले ती मी. मी, व्याख्यानं देणारी. मॅडमनी सगळं सोपं करून सांगितलं होतं. गाठ काढली की तिचे काही कण बशीत, खाऊपिऊ घालून वाढवायचे. एकेका औषधाने मरतात का बघायचं. म्हणजे माणसाच्या अंगावर औषध घालून बघायच्या आधी बाहेरच कळतं. आणि हे अजून अभ्यासापुरतं आहे, तुम्हाला याचा उपयोग होईलच असं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. मी तुला कानात म्हटलं, "उपयोग नाही तर कशाला द्यायचं? केस देत नाहीस कोणाला, आणि मांस देतेस?" काय करतील त्याचं, कुठे ठेवतील, कोण हात लावील, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला होता.

तू माझ्याकडे बघून हसलीस. त्या हसण्यात मला हरवल्याचा आनंद होता.

"मंगे, केस माझा हाय. ही गाठ माझी न्हवं. आयतं बसून मलाच खाती. जाऊ दे तिकडं. त्यांच्या हाताखाली राबू दे जरा."

याला मी अजून उत्तर शोधते आहे.

फोन आल्यावर दाजींना फोनवर हे सांगायचा धीर झाला नाही. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने न्हावऱ्याला आले. रात्रीही सांगायची हिंमत झाली नाही. दाजी दोन घास खाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. तुझी चूल मी पेटवली, पण तवा कुठे ठेवायचीस ते शोधायला लागलं.

सकाळी उठले तेव्हा अजून नीट फटफटलं नव्हतं. उसाच्या फडावरून धुकं आलं होतं, गोठ्यातला बल्ब त्यात पिवळा पडला होता. चरवीत धार पडल्याचा आवाज येत होता. मी तोंड धुवायला म्हणून मागच्या दाराने बाहेर आले, आणि तू म्हशीखाली बसली होतीस.

तुझं हिरवं पातळ. डोक्यावरून पदर, पदराचं टोक दातात. उकिडवं बसून कपाळ म्हशीच्या पोटाला टेकवलेलं, जशी तू तीस वर्षं बसलीस तशी. माझ्या हातातला तांब्या पडला नाही, कारण बोटं उघडतच नव्हती. मी "अक्का" म्हटलं. आवाज निघाला की नाही, मला माहीत नाही. पण तू मान वळवलीस, आणि तुला मिशा होत्या.

हस. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. मी मात्र तिथेच मटकन खाली बसले.

दाजी चरवी घेऊन उठले, पदर तसाच डोक्यावर. "म्हस पान्हवना, मंगल. दोन दिस हात लावू दिना. कास दगडावानी झाली. शेजारचे आबा म्हणले, मालकिणीचं पातळ गुंडाळून बस. न धुतलेलं येवढं येकच व्हतं." मग त्यांनी ते अंगावरून उतरवलं, घडी केली, आणि खुंटीवर न टांगता प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली. वास उडू नये म्हणून. एवढा जपून ठेवलेला वास मी पहिल्यांदाच पाहिला.

चहा पिताना त्यांनी आपणहून तुझ्या पिशवीची गोष्ट काढली. तू जाताना त्यांना एकच सांगितलं होतंस म्हणे, माझी केसांची पिशवी माझ्यासंगं जाऊ दे. आणि त्या दिवशीच्या गडबडीत, लाकडं कमी पडली, कोणी टायर आणा म्हणालं, कोणी नको म्हणालं, त्यात ते विसरून गेले. दहाव्याला कावळा शिवेना तेव्हा सगळे आपापलं बोलून बघत होते. "म्हस विकणार न्हाई," म्हणाले, "लेकीला अंतर देणार न्हाई," म्हणाले. कावळा लिंबावर बसून राहिला. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, कावळ्याचं पोट भरलेलं असेल. घाटावर त्या दिवशी तीन दहावे होते.

"घरी आलो तर पिशवी बाजरीच्या डब्यात," दाजी म्हणाले. "कावळा का शिवना ते तवा कळलं. मी आपली गोठ्यामागं काटक्या पेटवून जाळली. केस जळल्याचा वास आला आन् म्हशीनं असं दावं वढलं, मंगल, मला वाटलं खुट्याला घेऊन जाती. कोण दिसलं तिला, द्येव जाणं."

आता मला सांगणं भागच होतं. मी सांगितलं. गाठीचा तुकडा, बशी, औषध, सगळं. दाजींनी कप खाली ठेवला.

"म्हंजी अजून ऱ्हायलंय?"

"थोडंसं राहिलंय."

"वाढतंय म्हणतीस?"

"हो."

दाजी नखातलं शेण काढत राहिले. मग म्हणाले, "तिचं म्हणून वाढत आसतं तर मी रोज जाऊन बघून आलो आसतो. पर ती गाठ हाय. तिनंच खाल्लं माझ्या बायकूला. खाणारी जगती आन् जिला खाल्लं ती गेली, ह्यो कुठला न्याव? आन् हिचं काय तरी मागं ऱ्हायलं तर ही तरी सुटंल का? तू जा. संपवून ये."

मी एरवी दाजींना लगेच विज्ञान सांगितलं असतं. पण गोठ्यात नुकतंच मी तुला बघितलं होतं. मी म्हटलं, संपवून येते.

सोमवारी रजा टाकली. तीच सकाळची गाडी, आणि नेमकी तीच खिडकी रिकामी मिळाली. मी तिथे बसले नाही. पाटस मागे पडेपर्यंत मी उभीच होते. सीटच्या फटीत तुझा एखादा केस राहून गेला असेल का, असं सारखं वाटत होतं.

मॅडम मला आत घेऊन गेल्या. पायात कापडी पिशव्या, अंगात निळा झगा, तोंडाला मास्क. तुझ्या शेवटच्या दिवसांत मला एवढं नटवून कोणी तुझ्याजवळ जाऊ दिलं नव्हतं. एक पांढरं कपाट होतं, त्याला आतून काचेचं दुसरं दार. त्यातून त्यांनी एक बशी काढली, यंत्राखाली ठेवली आणि मला म्हणाल्या, बघा.

मी एक डोळा मिटून बघितलं. साबुदाणा भिजत घातल्यावर दिसतो तसे गोल गोल दाणे. काही भरीव, काही पोकळ, काठ चमकणारे. हलत नव्हते. पण मॅडमनी कॉम्प्युटरवर मागच्या आठवड्याचा फोटो दाखवला, त्यात ते लहान होते. मागच्या आठवड्यात तुझी राखसुद्धा थंड होऊन नदीतून पुढे गेली होती.

"ही अक्का का?" मी विचारलं. कुठून तोंडातून निघालं कोण जाणे.

मॅडम हसल्या नाहीत. "गाठ आहे ती. पण पेशी त्यांच्याच आहेत. त्यांच्या आई-वडिलांकडून आलेलं सगळं यात आहे."

म्हणजे आईसुद्धा होती त्यात. तुझी वैरीण आणि तू आणि आई, एका बशीत.

मग त्यांनी दुसरी बशी दाखवली, औषध घातलेली. तिच्यातले दाणे आक्रसले होते, काळपट पडून चुरा झाले होते. अक्का, मला एवढा आनंद झाला की मी मास्कच्या आत दात आवळले. मर, मर, असं मनात ओरडले. जे तुझ्या पोटात पाणी साठवत होतं, तुला चमचाभर पेज उतरू देत नव्हतं, ते माझ्या डोळ्यांसमोर मेलेलं होतं. आणि त्याच क्षणी वाटलं की हे तुला मारताहेत आणि मी बघत उभी आहे. दोन्ही एकदम वाटलं.

"आधी कळलं असतं तर?" मी विचारलं. हा प्रश्न मी विचारायचा नाही असं ठरवून गेले होते.

"सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "बशीत लागू पडतं ते माणसात लागू पडेलच असं नसतं. या पेशी वाढायलाही वेळ घेतात. त्यांचा आजार यांच्यापेक्षा घाईत होता." नंतर थांबून म्हणाल्या, "पण अशाच गाठीच्या दुसऱ्या बाया येतात आमच्याकडे. औषध आधी कोणावर करून बघायचं, हा प्रश्न असतो. आता तुमच्या अक्कांवर करून बघता येतं."

मी विचारलं की बंद करायचं तर काय करता. त्या म्हणाल्या, आधी पेशी मारतो, मग वाफेत शिजवतो, मग बंद पिशवीतून भट्टीत जाळायला जातं. म्हणजे तिथेही अग्नीच. मी विचारलं, आणि ठेवायचं तर? त्या म्हणाल्या, गोठवून ठेवतो. वर्षानुवर्षं राहतं. लागेल तेव्हा परत ऊब दिली की जागं होतं.

किती वर्षं, ते मी विचारलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे आलं की मी नाही, दाजी नाहीत, तुझी लेक म्हातारी होऊन गेली आहे, तुला अक्का म्हणणारं जगात कोणी उरलेलं नाही, आणि एका सकाळी कोणीतरी झाकण उघडून तुला उठवतं. तू उठतेस. आणि उठल्या उठल्या काम शोधतेस.

बशी परत ठेवताना मॅडमनी काचेचं दार उघडलं. मी म्हटलं, काचेला हात लावू का? त्यांनी मला हातमोजा काढू दिला. अक्का, काच कोमट होती. "माणसाच्या अंगाला असते तेवढीच ऊब ठेवतो आत," मॅडम म्हणाल्या. तू जाताना तुझी बोटं आधी गार पडली, मग तळवे, मग मनगटं. मी चोळत होते आणि गारठा माझ्या पुढे पुढे चालला होता. तो मला गाठता आला नाही. आणि इथे, पुण्यात, एका कपाटात, तू अंगाला जेवढी असायचीस तेवढीच गरम होतीस. मी पंजा टेकवून उभी राहिले. मॅडमनी घाई केली नाही.

बंद करा, असं सांगायला गेले होते. ते सांगितलं नाही. दोन दिवसांत फोन करते, म्हटलं.

निघताना त्यांनी माझं रक्त घेतलं. हा आजार काही घरांतून रक्तातूनच येतो म्हणे, तुझ्यात तशी खूण सापडली आहे, म्हणून मला आणि तुझ्या लेकीला तपासून घ्यायला सांगितलंय. आहे असं निघालं तर आधीपासून लक्ष ठेवता येतं. निकाल यायचा आहे. तुझ्या त्या तुकड्याने हे कळवलं, नाहीतर आम्ही दोघी निवांत बसलो असतो. सुई काढल्यावर नर्सने कापूस दिला, दाबून धरा म्हणाली. नंतर डस्टबिन पायाने उघडून समोर धरलं. मी त्यात तो बोळा टाकला नाही. त्यावर माझ्या रक्ताचा ठिपका होता. मी तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये घातला. नर्स बघतच राहिली. तुझ्या गाडीतल्या त्या बाईसारखी.

तिथूनच मी न्हावऱ्याला आले. दाजी ओट्यावर वाट बघत होते.

"संपवलं?"

"नाही."

त्यांचा आवाज चढला. मी तेवढ्यासाठी गेले होते, बायकोला सुटू द्यायचं नाही का मला, शिकलेल्या माणसाला काही वाटत नाही का, बरंच बोलले. मी बोलू दिलं. मग दवाखान्यात तू जे म्हणाली होतीस ते सांगितलं. आयतं बसून खाती, जाऊ दे तिकडं, राबू दे जरा. ते त्या वेळी औषधं आणायला खाली गेले होते, त्यांना हे माहीतच नव्हतं.

दाजींचं तोंड आधी वाकडं झालं. मला वाटलं रडणार. ते हसले. "तिचंच बोलणं हाय," म्हणाले. "दुसऱ्या कुणाचं न्हाई." आणि मग रडले. रडून झाल्यावर पुन्हा तिथेच आले. "पर मागं काय ऱ्हायलं तर ती सुटायची कशी, मंगल?"

मी आत गेले आणि ती गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. "हे पण तिचंच आहे, दाजी. सगळं जाळायचं तर हेही जाळू. काड्यापेटी आणते."

त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी धरली. पोटाशी ओढली. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. तिकडे बघत म्हणाले, "म्हस आटंपातूर ऱ्हाऊ दे."

मी काड्यापेटी आणायला उठले नाही.

त्यांनाही आपण काय बोललो ते ऐकू आलं असावं. पिशवीची गाठ चाचपत म्हणाले, "तिकडलं दूध कवा आटतं?"

"माहीत नाही. बायांना उपयोग आहे तोवर."

"मग तवर ऱ्हाऊ दे. आन् आटलं की?"

"आटलं की मी जाईन. मी नसले तर तुमची लेक जाईल. तिला सांगून ठेवू. कोणाच्याही पिशवीत जाऊ देणार नाही, समोर उभं राहून जाळून घेऊ."

"केसांच्या पिशवीगत इसरायचं न्हाई."

"नाही विसरणार."

तिथूनच मॅडमना फोन केला. ठेवा, म्हटलं. राबवा तिला. फक्त शेवटाला आम्हाला बोलवा. त्या म्हणाल्या, असं आजवर कोणी मागितलं नाही, पण मी विचारून बघते. मग एवढंच म्हणाल्या की उद्या सकाळी खाऊ बदलायचा दिवस आहे, मी वेळेवर येईन.

दुसऱ्या दिवशी शेतीची लाईट पहाटेची होती. दाजी कांद्याला पाणी द्यायला गेले, जाताना पिशवी माझ्या उशाशी ठेवून गेले. मी उठून तुझं पातळ गुंडाळलं. शेणाचा, पेंडीचा, बामचा आणि त्याखाली तुझा वास. पदर डोक्यावरून घेतला, टोक दातात धरलं. म्हशीखाली बसताना मला धार काढायला तू शिकवलेलं आठवत होतं, आणि मी ते नीट शिकले नव्हते हेही आठवत होतं. म्हशीने मान वळवली. माझ्या खांद्याला नाक लावून मोठा श्वास सोडला. मी कपाळ तिच्या पोटाला टेकवलं, आणि हाताखाली कास हळूहळू भरून आली. पहिली धार तुझ्यासारखीच जमिनीवर सोडली. कपाळाला लागत होती ती ऊब मी ओळखत होते. काल काचेला तीच होती. अंग कोणाचं आहे, हे उबेला कळत नसावं.

त्या वेळी पुण्यात मॅडम तुला खायला घालत असतील, असं मनात आलं. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पाठीमागे दारात तू उभी आहेस आणि माझी धार चुकतेय ते बघते आहेस, असं सारखं वाटत होतं. मी वळून बघितलं नाही.

चरवी भरून उठले तर काठाला एक केस चिकटला होता. लांब, अर्धा पिकलेला. तुझ्या पातळाच्या घडीत राहिलेला, तुझे केस होते तेव्हाचा, की आत्ता माझ्या डोक्यातून पडलेला, ते काही केल्या ओळखू येईना. आपल्या दोघींचे सारखेच होते. मी तो उजेडाकडे धरून बघितला, तरी कळेना.

मग बोटाला गुंडाळला, त्यावर थू थू केलं, आणि गोठ्यामागच्या दगडाखाली सारला.

उचलला केस, अक्का. आता झालं?